मेयो हरलं आणि मला तडा गेला

मित्रांनो, मी मेयो परगण्यातल्या ड्रमकॅरा गावातल्या सभागृहाच्या वरच्या मजल्याचा जुना स्लॅब आहे. तुम्ही लोक वर अंथरलेल्या लिनोलियमलाच, नाहीतर लाकडालाच मजला समजता, त्याच्यावर चहा सांडता, बुटाने पुसल्यासारखं करता आणि पुढे जाता. त्याच्याखाली कुणी आहे हे तुमच्या गावीही नसतं. माझ्या अंगावर तडा आहे. तो एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत गेला आहे आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही. ज्यांना वाटायला हवी होती त्यांचीच ही हकीकत आहे. रडगाणं ऐकायच्या तयारीने बसला असाल तर खुशाल उठा. माझी कीव करणारे मी पुष्कळ पाहिले, आणि त्यांतल्या एकालाही माझ्या पोटात काय आहे ते धड ठाऊक नव्हतं.

तेव्हा आधी पोटातलंच सांगतो. सगळ्यांत खाली पोलादी तुळया. तुळयांवर घड्या घातलेला पोलादी पत्रा. त्या पत्र्यावर मला ओतलं गेलं, आणि पत्रा माझ्या पोटाला जन्माचा चिकटून राहिला. तळमजल्याचा स्लॅब हा माझा थोरला भाऊ. तो जमिनीवर पोट टेकून आयुष्यभर लोळतो आहे. त्याला भेगा पडणार हे आधीच ठरलेलं होतं, म्हणून करवतीने त्याच्या पाठीत सरळ चिरा पाडून दिल्या. त्या चिरांना जॉइंट म्हणतात आणि त्यांचं कौतुक होतं. मी हवेत लटकून सगळ्यांचं ओझं वाहतो, आणि माझ्या एका भेगेला मात्र धोका म्हणतात.

आता माझी पाठ कुठे ताणली जाते तेही समजून घ्या. दोरीवर ओली सतरंजी वाळत घातली की दोरीच्या बरोबर वर तिची पाठ ताणलेली असते. माझंही तसंच आहे. दोन तुळयांच्या मध्ये मी खाली वाकतो आणि तुळईच्या वर माझी पाठ ताणते. तिथे तडा जाऊ नये, गेलाच तर केसाएवढा राहावा, म्हणून माझ्यात लोखंडी जाळी घालतात. ती वरच्या अंगाला असावी लागते. वरच्या अंगाला. ड्रमकॅरातल्या माणसांना हे दोन शब्द सांगून झाले होते, नकाशावर काढून दाखवून झाले होते, आणि त्यांनी त्या दोन शब्दांचं काय केलं ते ऐका.

गावाने ठरवलं की सभागृह श्रमदानातून बांधायचं. पुढारी होता मॅटी ड्युरकन. गावचाच ठेकेदार, लाल कानांचा, बोलण्यात साखर. फादरांच्या घराचं छप्पर त्याचं, शाळेतल्या मोऱ्या-न्हाण्या त्याच्या, अर्ध्या गावाची गोठ्याची शेडं त्याची. शनिवारी मला ओतायचं होतं. जाळी उचलून धरायला पोतंभर ठोकळे आले होते. मॅटीने ते पोतं पायाने कोपऱ्यात सारलं. ठोकळे मांडत बसलो तर माणसं अडखळून पडतील, तो म्हणाला, जाळी पत्र्यावरच अंथरा, ओतता ओतता हुकाने वर ओढून घेऊ.

हे वाक्य या बेटावर इतक्या ठिकाणी बोललं गेलं आहे की ते बोलणाऱ्यालाही आता खरं वाटतं. प्रत्यक्षात काय होतं ते मी अंगावर पाहिलं. एक गडी हुक घालून जाळी वर ओढायचा, आणि दुसऱ्याच क्षणी स्वतःच्या बुटाने ती पुन्हा तळाला दाबून उभा राहायचा. मग पुढचं पाऊल, पुन्हा हुक, पुन्हा बूट. दिवसभर त्यांनी इमानेइतबारे हेच केलं आणि संध्याकाळी एकमेकांच्या पाठी थोपटल्या.

मध्येच चहा आला. माझा अर्धा भाग ओतून झाला होता, अर्धा अजून नुसता पत्रा आणि जाळी. अशा वेळी थांबायचं नसतं. पण ड्रमकॅरात चहाला नाही म्हणणं म्हणजे आणणाऱ्या बाईच्या आईबापांना शिवी देण्यासारखं आहे. कॅरमेल लॅव्हिन, आज जी सभागृह समितीची अध्यक्ष आहे ती, तेव्हा नवीन लग्न झालेली होती. ती किटली घेऊन जाळीवरून आरपार चालत आली, आणि तिच्या मागून हॅमच्या सँडविचांची ताटं घेतलेल्या आणखी बाया आल्या. जी थोडीफार जाळी चुकून वर राहिली असेल तीही त्यांनी पायांखाली तळाला बसवली. चहा संपेपर्यंत मिक्सरच्या गाडीतलं काँक्रीट घट्ट व्हायला लागलं. फळी मारून ते सपाट करणाऱ्यांचे हात दुखायला लागले, तेव्हा मॅटीने गाडीवाल्याला सांगितलं की घाल थोडं पाणी, पोरं दमलीत. गाडीवाल्याने पाइप सोडला. मी पातळ झालो, सहज पसरलो, आरशासारखा दिसायला लागलो, आणि सगळे म्हणाले, काय सुरेख स्लॅब पडलाय. पातळ काँक्रीट वाळताना जास्त आकसतं हे सांगणारा तिथे कुणी नव्हता. असता तरी त्याला चहा देऊन गप्प केलं असतं.

इथपर्यंतही निभावलं असतं. पण दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि मेयोचा फुटबॉलचा संघ अंतिम सामना खेळायला डब्लिनच्या मैदानावर उतरणार होता.

नव्या काँक्रीटला पाणी मारायचं असतं हे शेंबड्या पोरालाही कळतं. ओली गोणपाटं घालायची, ती वाळू द्यायची नाहीत, दिवसांमागून दिवस तेच करत राहायचं. गोणपाटं आणलेली होती. ती ठोकळ्यांच्या पोत्याशेजारीच घडी घालून पडली होती. पण त्या रविवारी उजाडता उजाडता अख्खं गाव संघाच्या रंगांची हिरवी-लाल फडकी बांधलेल्या मोटारींतून निघालं. फादरांनी चर्चमधली मिस्सा इतक्या झटपट उरकली की आमेन म्हणायला लोक पोचले नव्हते. मॅटीने जाता जाता शिडीवरून डोकं वर काढून माझ्याकडे एकदा पाहिलं. मला वाटलं, आता तरी गोणपाटांना हात लावेल. तो म्हणाला, "पाऊस येईलच आपला," आणि उतरून गेला.

मेयोत वर्षभर पाऊस असतो. माणसं लग्नाच्या फोटोत छत्री घेऊन उभी असतात. पण त्या दिवशी आभाळानेही डब्लिन गाठलं असावं. लख्ख ऊन पडलं, आणि समुद्राकडून असा कोरडा वारा सुटला की माझ्या पाठीवरचं पाणी बघता बघता उडून गेलं. मी आकसायला लागलो. खाली पत्रा मला सोडत नव्हता, वर पाठ ओढली जात होती, आणि जिने मला धरून ठेवायचं ती जाळी तळाशी पत्र्याला मिठी मारून निजली होती. समोरच्या घरात अंथरुणाला खिळलेल्या एका आजोबांसाठी खिडकीत रेडिओ लावला होता. मेयो पुढे होतं, मग बरोबरीत आलं, मग मागे पडलं. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा आजोबांच्या घरातून हुंदका ऐकू आला, आणि मधल्या तुळईच्या वर माझी पाठ या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत उकलत गेली. मेयो हरलं आणि मला तडा गेला. पहिल्याचं दुःख गाव अजून करतं.

सोमवारी मॅटी आला. डोळे सुजलेले, आवाज बसलेला. त्याने तडा पाहिला, उकिडवा बसून नखाने खरवडून पाहिला आणि म्हणाला, केसासारखा आहे, सगळ्याच स्लॅबांना पडतो. हे पुष्कळसं खरंही होतं, आणि म्हणूनच मला जास्त झोंबलं. लबाड माणूस खोटं बोलला तर त्याला धरता येतं. तो अर्धवट खरं बोलला की काही करता येत नाही.

उद्घाटनाला बिशप येणार होते आणि बिशपांची तारीख ठरलेली होती. माझं अंग अजून ओलं होतं. खाली पत्रा, त्यामुळे मला घाम टाकायला फक्त वरचीच बाजू, आणि तीही मॅटीने बंद केली. कुठल्याशा शाळेच्या कामातून उरलेला काळा डांबरी गोंद त्याच्याकडे डबे भरून होता. त्याने बाह्या सरसावून तो खाचांच्या थापीने स्वतः माझ्यावर पसरला. तड्याशी आला तेव्हा त्याने थापी जरा दाबली, गोंद आत भरला, आणि वरून हिरवं लिनोलियम अंथरून टाकलं. मग बिशप आले आणि त्यांनी चारी दिशांना पवित्र पाणी शिंपडलं. माझ्या वाट्याला आलेलं ते पहिलं पाणी. तेही लिनोलियमवर.

त्यानंतरची माझी नोकरी म्हणजे माणसांच्या चिल्लरपणाचं प्रदर्शन होतं. बिंगोत शेजारणीला आकडा लागला की तिचं अभिनंदन करताना खुर्चीचे पाय माझ्यात रोवणाऱ्या बाया मी सहन केल्या. पत्ते कुटताना टेबलावर मुठी आपटणारे आणि मग महिनोन् महिने एकमेकांशी न बोलणारे सख्खे भाऊ सहन केले. निवडणुकीची मतमोजणी झाली, वजन उतरवायचा क्लब झाला, आणि त्या क्लबच्या बैठकीनंतर केक वाटला गेला. मला कुणी झाडून घेतलं की ते माझं कौतुक नसे. बहुधा फादर येणार असत.

मग नुआला हेगर्टी आली.

ती गावचीच, शाळेत मॅटीच्या वर्गातली. बरीच वर्षं समुद्रापार कॉव्हेंट्रीत बिस्किटांच्या कारखान्यात काढून, उद्घाटनानंतरच्या वर्षी परत आली आणि वरचा मजला आठवड्यातून काही संध्याकाळी भाड्याने घेऊन मुलींना नाच शिकवायला लागली. तिचा स्वभाव गोड नव्हता, हे मला आवडलं. पहिल्याच दिवशी तिने कडक टाचांचे नाचाचे बूट चढवले आणि माझ्यावरून एकटीच चालत गेली. ती चालत नव्हती, ऐकत होती. मधल्या तुळईवर आली तेव्हा थांबली, एकदा टाच मारली, वाकली आणि लिनोलियमवरून बोट फिरवलं. तड्याची बारीक रेघ वर उमटलेली होती. इतके बिशप, फादर आणि आमदार माझ्यावरून गेले. ती रेघ पाहिली फक्त तिने. "इथे शिवण आहे," ती स्वतःशीच म्हणाली, आणि त्या दिवसापासून मुलींची रांग त्या रेघेवर उभी राहायला लागली. वर्ग सुरू झाला की तिचं ठरलेलं वाक्य: शिवणीवर उभ्या राहा.

मित्रांनो, मी कुणाचं चांगलं बोलायला बसलेलो नाही, तरी सांगतो. त्या मुलींच्या टाचा माझ्यावर पडायच्या तेव्हा मला वजन वाटत नसे. हात शरीराला चिकटलेले, मान ताठ, आणि खाली पाय असे की सगळ्या मिळून एकच ठोका. चुकणाऱ्या मुलीला नुआला मोठ्याने बोलत नसे. नुसती तिच्यासमोर उभी राहून ती पावलं अचूक करून दाखवायची, आणि मुलीचे कान मॅटीसारखे लाल व्हायचे. तिने पहिल्यांदा शिकवलेल्या मुलींच्या मुली आता त्याच रेघेवर उभ्या राहायच्या. बाकीचं गाव मला जागा म्हणून वापरत होतं. ती मला साथीला घ्यायची.

या वर्षी समितीला लाकडी जमिनीची हौस आली. हिरवं लिनोलियम उचकटलं गेलं आणि काळ्या गोंदाच्या थरात तड्याची रेघ उघडी पडली. झालं. गावात एकच हलकल्लोळ. जो तो जिना चढून मला बघायला यायला लागला. कुणी तड्यावर नाणं ठेवून पाहिलं, कुणी पेन्सिलीने खुणा केल्या, कुणाला तो कालच्यापेक्षा वाढलेला दिसला. एका शहाण्याने तड्यावर काचेची पट्टी चिकटवली. तडा वाढला तर काच फुटेल म्हणे. काच फुटली नाही, तेव्हा काच चांगली नसेल असं ठरलं.

समितीच्या बैठकीत कॅरमेलने साहजिकच विचारलं की मॅटी, काम तुझंच ना हे? मॅटीची छाती आता पोटात उतरली होती, पण बोलण्यातली साखर तशीच होती. त्याने क्षणभरही न थांबता सांगितलं की स्लॅब उत्तम होता, डोळ्यांत तेल घालून टाकला होता. मग त्याने खालच्या आवाजात विचारलं की इतकी वर्षं त्याच्यावर टाचा कोण आपटतंय, आणि बरोबर कुठल्या रेघेवर? सगळ्यांनी तड्याकडे पाहिलं. शिवणीवर उभ्या राहा हे वाक्य गावातल्या प्रत्येक घरातल्या मुलीला पाठ होतं. तेच आता पुरावा झालं.

रविवारी मिस्सेनंतर मॅटी वेदीजवळ जाऊन उभा राहिला आणि दुःखी चेहऱ्याने जाहीर केलं की नाचाच्या वर्गामुळे वरच्या मजल्याला इजा झाली आहे, मुलांच्या सुरक्षिततेसाठी तो बंद करत आहोत. नुआला तिसऱ्या बाकावर बसली होती. तिच्याशेजारच्या बाईने आपली पर्स उचलून मांडीवर घेतली, जणू आता नुआलाच्या शेजारचंही काही कोसळणार होतं.

तिचं सगळंच पणाला लागलं. गावात दुसरी मोठी खोली नाही. शाळेचं सभागृह मुख्याध्यापकांनी नाकारलं. त्यांनाही आपली जमीन प्यारी. ईस्टरचा फेश, म्हणजे नाचाच्या स्पर्धा, तोंडावर आला होता. एकेका मुलीची आई फोन करून सांगायला लागली की बाई, वाईट नका वाटून घेऊ, आम्ही तिला कॅसलबार शहरातल्या वर्गात घालतोय. नुआला सत्तरीला आली होती. या वयात वर्ग एकदा मोडला तर पुन्हा उभा राहणार नाही हे तिला कळत होतं आणि गावालाही कळत होतं. गाव तिला रस्त्यात भेटलं की हवापाण्याबद्दल बोलायचं.

ती एकदा मॅटीला गाठायला वर आली. तो लाकडाची मापं घेत होता.

"हे बघ नुआला," तो म्हणाला, "तुझ्यावर कुणाचा राग नाही. तुला काय माहीत, टाचांनी काय होतं ते."

"आठ वर्षांच्या पोरींच्या टाचांनी पोलाद आणि काँक्रीट फुटतं म्हणतोस?" ती म्हणाली. "मग दगडाच्या खाणीवर पाठव त्यांना. सुरुंगाचा खर्च वाचेल."

मॅटी हसला. त्याला हसता येत होतं, कारण गाव त्याच्या बाजूला होतं. पण नुआला तिथून जिना उतरून सरळ कॅरमेलच्या घरी गेली आणि म्हणाली की माझा वर्ग बंद करायचाय तर करा, पण आधी बाहेरचा इंजिनिअर बोलवा. कॅरमेलला नाही म्हणता येईना. शिवाय विमावाल्यांनीही तेच सांगितलं होतं.

गॅलवेहून डर्व्ला नावाची इंजिनिअर आली. तिला पाहायला समिती जमली, चहा आणि बेदाण्यांचा पाव आला, आणि तो माझ्यावरच मांडला गेला. माझ्यावर काहीही गंभीर चाललं असलं तरी या लोकांना चहा लागतोच. डर्व्ला गुडघे टेकून तड्याच्या कडेने सरकत गेली. अशी गुडघ्यावर बसलेली माणसं मी प्रार्थनेसाठीच पाहिली होती. माझ्यासाठी ही पहिलीच. तिने काळ्या गोंदावर नख मारलं आणि हा कुणी लावला असं सहज विचारलं.

मॅटीला एवढंच हवं होतं. तो खुलला. गोंद आपण स्वतःच्या हातांनी लावला, बिशप यायच्या आठवड्यात, असला गोंद आता मिळत नाही, लिनोलियम काढताना पुतण्याच्या खरवडण्या मोडल्या पण गोंद हलला नाही, हे सगळं त्याने पाव खाता खाता ऐकवलं.

"म्हणजे मधल्या काळात लिनोलियम कधी उचललंच नाही?" डर्व्लाने विचारलं.

"उचलेल कोण? एक कोपरासुद्धा सुटला नाही," मॅटी म्हणाला. "माझं काम आहे ते."

डर्व्लाने मान डोलावली आणि चहाच्या कपाएवढ्या तोंडाचं गोल कटर लावलेलं यंत्र बरोबर तड्यावर ठेवलं. मला कापलं गेलं. दुखलं का म्हणाल तर नाही. माझ्यात पहिल्यांदाच कुणीतरी आत डोकावणार होतं. तिने नळकांड्यासारखा तुकडा बाहेर काढला. हातात येताच तो तड्यापाशी दुभंगला आणि त्याच्या दोन फाका झाल्या. तिने त्या उलट्या करून चहाच्या टेबलावर ठेवल्या. दोन्ही फाकांच्या आतल्या अंगाला, वरून बोटभर खोल, काळा गोंद वाळून बसला होता. आणि अगदी तळाशी, पत्र्याला लागून, जाळीची तार चमकत होती.

 डर्व्लाने एक फाक मॅटीच्या हातात दिली, एक नुआलाच्या.

"गोंद ओला असतानाच आत गेलाय," ती म्हणाली. "म्हणजे गोंद लावला तेव्हा तडा होता."

नुआलाने फाक हातात फिरवून पाहिली. ती फार हळू बोलली. "बिशप आले तेव्हा मी कॉव्हेंट्रीत होते, मॅटी. बिस्किटं भरत होते."

 मग मॅटी जे बोलला ते ऐकून मला या लोकांचा इतका तिटकारा आला की पत्रा नसता तर मी खाली पडलो असतो.

"त्या रविवारी मेयोची फायनल होती," तो म्हणाला.

आणि मित्रांनो, सगळ्यांनी माना हलवल्या. कॅरमेलने सुस्कारा सोडला. कुणीतरी म्हणालं, काय दिवस होता तो. कुणाला तरी शेवटच्या मिनिटाला हुकलेला चेंडू आठवला. डर्व्लाचीही आई मेयोचीच निघाली. तिनेही क्षणभर खाली पाहिलं. दोन मिनिटांत त्या खोलीत माझा तडा उरला नाही, फक्त सामना उरला. मॅटीला माफी मागावी लागली नाही. ती त्याला न मागताच मिळाली.

"मीही होते तिथे," नुआला म्हणाली. आवाज चढला नव्हता, तरी सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. "रात्रभर बोटीतून आले होते मॅचला. रडलेही तुमच्याइतकीच. फक्त मी मागे ओलं काँक्रीट उघडं टाकून नव्हते आले." तिने फाक टेबलावर ठेवली. "जिथे उभा राहून माझं नाव घेतलंस ना, तिथेच उभा राहून हे सांग."

डर्व्लाने मग समितीला समजावलं की तडा दिसायला वाईट असला तरी धोक्याचा नाही. खालचा पत्रा आणि तुळया सगळा भार नीट पेलत आहेत, तड्यात राळ भरा, मुलींना खुशाल नाचू द्या. हे मी इतकी वर्षं ओरडून सांगत होतो. पण स्लॅबचं कोण ऐकतं? स्लॅबवर उभं राहून बोलणाऱ्याचं ऐकतात.

मॅटी पुढच्या रविवारी खरंच वेदीजवळ उभा राहिला. ही बातमी मला कॅरमेलच्या तोंडून कळली; ती माझ्यावर झाडू मारताना कुणाला तरी सांगत होती. तो म्हणाला होता, "वरचा मजला आता सुरक्षित आहे. वर्ग पुन्हा सुरू होतील." एवढंच. आता सुरक्षित आहे, जणू त्यानेच रात्रंदिवस खपून तो सुरक्षित केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाहेर आल्यावर दोघांनी त्याचा हात हातात घेऊन आभार मानले. नुआला तिसऱ्या बाकावर बसून होती आणि तिने टाळी वाजवली नाही, असं कॅरमेल सांगत होती. कॅरमेलला ते जरा उद्धटपणाचं वाटलं होतं.

तड्यात राळ भरली, वर लाकडी जमीन आली. मला पुन्हा झाकलं. मुली परत आल्या, सगळ्या नाही. ज्या चार-पाच कॅसलबारला गेल्या त्या गेल्याच. त्यांच्या आयांना अजूनही खात्री नाही. आरोप लोकांच्या लक्षात राहतो, निकाल लक्षात ठेवायला त्यांना सवड नसते.

पहिल्या दिवशी नुआला मुलींच्या आधी आली. नवं लाकूड गुळगुळीत होतं, त्याच्यावर कसलीच रेघ नव्हती. तिने तेच जुने कडक बूट चढवले आणि चालत निघाली, थांबत, टाच मारत, कान देऊन. लाकडाच्या जाडीतून मला तिची टाच कळत होती. मधल्या तुळईवर ती आली तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून काहीतरी करायचा प्रयत्न केला. काय ते मलाही सांगता येणार नाही. पण ती थांबली. तिने पुन्हा टाच मारली, खिशातून खडू काढला आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रेघ ओढली. रेघ बरोबर माझ्या तड्यावर पडली.

मुली आल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या. तिने त्यांच्याकडे एकदा नीट पाहून घेतलं.

"ही रेघ तुमच्या आधीची आहे," ती म्हणाली. "माझ्याही आधीची. कुणी विचारलं तर तोंड उघडून सांगायचं. कळलं? आता शिवणीवर उभ्या राहा."

मित्रांनो, माझी काळजी घ्या वगैरे मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही घेणार नाही हे मला माहीत आहे. ओल्या काँक्रीटला सोडून तुम्ही कधीही मॅचला जाल. पण जन्मभर तुम्हाला खाली राहून पाहिलं म्हणून एवढं मागतो. कुठे तडा दिसला, तर त्याच्यावर आत्ता कोण उभं आहे ते बघू नका. तो पडला त्या दिवशी कोण निघून गेलं होतं, ते विचारा.